हिशेब मंडळाकडे, कागद शेरीफकडे

कॅलिफोर्नियाच्या शासन संहितेत २५३०३ क्रमांकाचे एक कलम आहे. ते १९४७ साली या संहितेत आले. त्याचा पहिला परिच्छेद सांगतो की काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने काउंटीच्या सर्व अधिकाऱ्यांच्या कारभारावर देखरेख ठेवावी, ते आपले काम नीट करतात की नाही ते पाहावे, गरज पडल्यास त्यांच्याकडून अहवाल मागवावेत, वह्या आणि हिशेब तपासायला घ्यावेत. इथवर वाचून प्रश्न मिटला असे वाटते. पण कलम तिथे संपत नाही. त्यापुढचा मजकूर १९७७ सालचा आहे. शेरीफच्या तपासकार्यात मंडळाने अडथळा आणू नये, असे तो बजावतो. त्याला लागूनच आणखी एक वाक्य येते : शेरीफच्या अंदाजपत्रकावर मंडळाचा जो अधिकार आहे, तो मात्र यामुळे कमी होत नाही.

देखरेख ठेवा, तपासात हात घालू नका, पैसा तुमच्याच हाती राहील. ही तीन वाक्ये एकाच कलमात शेजारी शेजारी उभी आहेत. एखाद्या काउंटीत ती एकमेकांवर आदळतात तेव्हा नेमके काय घडते, हे कलम वाचून कळत नाही. त्यासाठी त्या काउंटीचे कागद क्रमाने लावून पाहावे लागतात. लॉस एंजेलिस काउंटीची निवड त्यासाठी सोयीची आहे, कारण तिथे हा संघर्ष वारंवार झाला आणि प्रत्येक वेळी मागे काही ना काही दस्तऐवज राहिला.

आधी रचना समजून घेऊ. ही काउंटी १८५० सालची. पर्यवेक्षक मंडळ १८५२ पासूनचे. १९१२ साली मतदारांनी काउंटीची स्वतःची सनद मंजूर केली, ती १९१३ मध्ये अमलात आली. स्वतःची सनद असलेली ही अमेरिकेतली पहिली काउंटी. मंडळात सदस्य पाचच, आणि २०२० च्या जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या एक कोटीहून थोडी जास्त. मराठी वाचकाला मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, ठाऊक असतात. ते वर्षभराचे मानाचे पद आहे. लॉस एंजेलिसचा शेरीफ तसा नव्हे. त्याच्या हाताखाली सुमारे दहा हजार शपथबद्ध सशस्त्र कर्मचारी, म्हणजे डेप्युटी, देशातल्या सर्वांत मोठ्या तुरुंगव्यवस्थांपैकी एक, आणि कराराने पोलिसी सेवा घेणारी चाळीसच्या आसपास शहरे असतात. मुख्य म्हणजे तो मतदारांनी निवडून दिलेला असतो. आपल्याकडे जिल्हा पोलीस अधीक्षकाला राज्य सरकार नेमते आणि त्याची बदलीही करते. पर्यवेक्षक मंडळाला शेरीफ नेमता येत नाही, त्याची बदली करता येत नाही. काउंटीला निवडून आलेला शेरीफ असलाच पाहिजे, असे राज्यघटनेचे अकरावे प्रकरण सांगते. पाचव्या प्रकरणात तर प्रत्येक शेरीफवर थेट देखरेख ठेवण्याचे काम राज्याच्या महाधिवक्त्याकडे दिलेले आहे. म्हणजे कागदावर शेरीफचे देखरेखदार दोन : राज्यात महाधिवक्ता, काउंटीत मंडळ.

या मंडळाच्या हाती आणखी एक जुने हत्यार होते. शासन संहितेच्या २५१७० व्या कलमाने मंडळाला साक्षीदारांना समन्स काढता येते आणि अधिकाऱ्याच्या ताब्यातील वह्या, पावत्या, दस्तऐवज मागवता येतात. या कलमाची भाषा बारकाईने वाचली तर तिचा कल लक्षात येतो. अधिकाऱ्याची चौकशी कशाबद्दल करायची, तर पैसा घेतल्या-दिल्याबद्दल आणि काउंटीची मालमत्ता बाळगल्याबद्दल. २५३०३ व्या कलमातही 'विशेषतः' हा शब्द सार्वजनिक पैशाच्या आकारणी, वसुली, सांभाळ आणि खर्चाला जोडलेला आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिजोरी होती. डेप्युटीने कोणावर, कोणत्या परिस्थितीत बळ वापरले, याची नोंद त्यांच्या नजरेत होती असे मानायला या मजकुरात आधार नाही. हा माझा निष्कर्ष आहे, कायद्याचे शब्द नव्हेत. पुढचे सगळे वाचताना तो तपासून घ्यावा.

१९७७ च्या भरीबद्दल थोडे. त्याच वर्षी शेजारच्या ऑरेंज काउंटीतला एक खटला अपील न्यायालयापुढे निकाली निघाला. तिथल्या पर्यवेक्षक मंडळाने जिल्हा सरकारी वकिलाच्या हाताखालचे तपास अधिकारी शेरीफकडे वर्ग करायचे ठरवले होते. सरकारी वकीलही निवडून आलेला. न्यायालयाने मंडळाला अडवले : पैसा मंडळाचा असला तरी निवडून आलेल्या अधिकाऱ्याचे मूळ काम त्या पैशाच्या जोरावर हिरावून घेता येणार नाही. हा खटला आणि कलमातली भर एकाच वर्षीची. दोन्हींचा विषय एक, शब्दही जवळचे. एकामुळे दुसरे झाले असावे, असे मानायला जागा आहे. कलमाच्या मजकुरात मात्र खटल्याचा उल्लेख नाही. तेव्हा त्याला अनुमानच म्हणू.

आता एका ठोस प्रकरणाकडे वळू. २९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मेक्सिकन-अमेरिकन नागरिकांचा मोठा मोर्चा निघाला. तो उधळला गेला, दंगल झाली. त्या दुपारी व्हिटियर बुलेव्हार्डवरच्या सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये रुबेन सालाझार बसले होते. ते 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे स्तंभलेखक आणि केएमईएक्स या स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालक. शेरीफच्या एका डेप्युटीने आत डागलेले अश्रुधुराचे नळकांडे त्यांच्या डोक्याला लागले आणि ते जागीच मरण पावले. इतके निर्विवाद आहे.

या मृत्यूचा पहिला मोठा दस्तऐवज कॉरोनरच्या चौकशीचा. मुंबईत एके काळी कॉरोनर असे, तसाच हा काउंटीचा अधिकारी. चौकशी सोळा दिवस चालली आणि टीव्हीवरून दाखवली गेली. सात पंचांमध्ये शेवटी फूट पडली : चौघांनी मृत्यू दुसऱ्याच्या हातून झाल्याचे म्हटले, तिघांनी अपघात म्हटले. ऑक्टोबरमध्ये जिल्हा सरकारी वकिलांनी खटला भरणार नसल्याचे जाहीर केले. १९७३ साली काउंटीने सालाझार कुटुंबाला सात लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला. इथे नोंदीत एक मोठी पोकळी आहे. चौकशी उघड झाली, भरपाईची रक्कम उघड झाली. पण शेरीफ खात्याने स्वतः त्या दिवसाबद्दल काय लिहून ठेवले होते, ते खोक्यांत बंद राहिले. मंडळाला भरपाईचा आकडा कळला, कारण पैसे मंडळाने द्यायचे होते. त्यामागचे कागद मंडळाच्या दप्तरात आपोआप आले नाहीत. ती खोकी पुन्हा कधी उघडली, ते पुढे पाहू. तोवर चाळीस वर्षे गेली.

त्या चाळीस वर्षांत काही काळ असा आला, की अशी खोकी कायद्याने अधिकच घट्ट बंद झाली. १९७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात शेरीफ पीटर पिचेस यांच्या नावाचा एक खटला आला. डेप्युटींवर हात उचलल्याचा आरोप असलेल्या एका आरोपीने त्या डेप्युटींविरुद्धच्या जुन्या तक्रारींचे कागद मागितले होते. न्यायालयाने आरोपीच्या बाजूने कौल दिला. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, विधिमंडळाने यावर कायदा केला. त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. अधिकाऱ्यांच्या सेवापत्रिका आणि तक्रारी गोपनीय ठरवून त्या मिळवायला न्यायालयातून ठरावीक मार्ग आखला. आणि तक्रारींचे कागद किमान पाच वर्षे जपून ठेवण्याचे बंधन घातले. पहिल्या तरतुदीने कुलूप लावले, दुसरीने आतला माल शाबूत राहील अशी तजवीज केली. त्या कुलपाची किल्ली पर्यवेक्षक मंडळाकडे कुठेच दिसत नाही.

मग मंडळाने १९९१ साली काय केले, ते पाहा. त्या वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंगला केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगभर पोचली. तो शहराचा प्रश्न होता, काउंटीचा नव्हे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेरीफच्या डेप्युटींच्या गोळीबाराच्या चार घटना गाजल्या. डिसेंबरमध्ये मंडळाने निवृत्त न्यायाधीश जेम्स कोल्ट्स यांना शेरीफ खात्याची पाहणी करायला नेमले. त्यांचा अहवाल जुलै १९९२ मध्ये आला. तो जाड आहे, कोरडा आहे, आणि या विषयातला सर्वांत मोलाचा कागद आहे.

कोल्ट्स यांनी सुरुवात कुठून केली, तर काउंटीने निकाली काढलेल्या १२४ दिवाणी दाव्यांपासून. त्यांच्यापोटी काउंटीने तीन कोटी वीस लाख डॉलर मोजले होते. ही सुरुवात विचार करण्याजोगी आहे. बळाच्या वापराची पाहणी करायची तर खात्याच्या अंतर्गत चौकशीपासून सुरुवात का नाही? दाव्यांचे कागद काउंटीच्या वकिलांकडे आणि न्यायालयात होते. ते मंडळाच्या अवाक्यातले होते, कारण ते पैशाचे कागद होते. कोल्ट्स यांनी ही निवड नेमकी याच कारणाने केली की भरपाईचे दावे हा बळाच्या गैरवापराचा सर्वांत ठळक पुरावा म्हणून केली, हे एवढ्यावरून ठरवता येणार नाही. दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात. पण परिणाम एकच : तिजोरीच्या बाजूने आत शिरून त्यांनी खात्याचे आतले चित्र उभे केले. दाव्यांवरून आणि तक्रारींवरून त्यांनी ६२ डेप्युटी असे शोधले, ज्यांच्यावर पुन्हा पुन्हा आरोप झाले होते आणि तरी खाते हलले नव्हते.

याच अहवालात एक सावध जागा आहे आणि तीस वर्षांनंतर तीच महत्त्वाची ठरते. लिनवुड ठाण्यातल्या काही डेप्युटींनी 'व्हायकिंग' नावाखाली टोळके केल्याचे, अंगावर तशी गोंदणे असल्याचे आरोप होते. एका फेडरल न्यायाधीशाने १९९१ मध्ये त्यावर अतिशय कडक भाषेत मत नोंदवले होते. कोल्ट्स तितक्या पुढे गेले नाहीत. वंशद्वेषी टोळ्या आहेत असे समोरचा पुरावा निर्णायकपणे सिद्ध करत नाही, असे ते म्हणाले. मात्र ठाण्यांमध्ये असे गट आहेत आणि खात्याने ते मुळासकट उपटले पाहिजेत, हेही त्यांनी लिहिले. एखाद्या संशोधकाने करावा तसा हा भेद आहे : जे दिसते ते इतके, जे सिद्ध होते ते इतके.

अहवालानंतर १९९३ पासून मंडळाने मेरिक बॉब या वकिलांना विशेष सल्लागार नेमले. ते कोल्ट्स यांच्या चमूतलेच. पुढे दोन दशके ते सहामाही अहवाल देत राहिले. त्यांची संख्या तिसाहून अधिक भरते. खात्याने डेप्युटींच्या तक्रारी, दावे आणि बळाच्या वापराच्या घटना एकत्र नोंदवणारी संगणकीय यंत्रणा उभारली, तीही याच रेट्यातून. अशा सलग मालिकेचा फायदा असा की एकाच प्रश्नाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करता येतो. तोटाही तिथेच आहे. बॉब यांना जे पाहायला मिळाले, ते शेरीफच्या सहकार्याने मिळाले. शेरीफ शर्मन ब्लॉक यांनी ते दिले, लीरॉय बाका यांनी बहुतांशी दिले. न दिल्यास काय, याचे उत्तर त्या मालिकेत नाही, कारण तशी वेळ आणणारा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता.

तो अधिकार मिळवणे अशक्य होते काय? इथे आपल्याला लॉस एंजेलिसच्या बाहेर जावे लागते. दक्षिणेकडच्या सॅन डिएगो काउंटीत १९९० च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी सनदेत दुरुस्ती करून शेरीफविरुद्धच्या तक्रारी तपासणारे नागरी मंडळ स्थापले आणि त्याला समन्स काढण्याचा अधिकार दिला. एका करदात्याने त्याला न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू घेतली : सनद असलेल्या काउंटीला असे मंडळ नेमता येते आणि त्याला समन्सचा अधिकारही देता येतो.

लॉस एंजेलिस तर पहिली सनदी काउंटी. म्हणजे डिसेंबर १९९४ नंतर तिथेही तेच करता आले असते. प्रत्यक्षात ते घडले मार्च २०२० मध्ये. मधली पंचवीस वर्षे ही या सगळ्या नोंदीतली सर्वांत मोठी पोकळी. मार्ग खुला होता, हे निश्चित. तो घेतला गेला नाही, हेही निश्चित. शेरीफ लोकप्रिय होते, मंडळातल्या सदस्यांना त्यांचा राजकीय पाठिंबा लागे, आणि सल्लागार नेमून काम चालत होते, ही कारणे संभवतात. त्यांतले कोणते किती वजनाचे, हे मतदानाच्या नोंदी सांगत नाहीत.

२००१ मध्ये आणखी एक कार्यालय आले : स्वतंत्र परीक्षण कार्यालय. मायकेल जेनाको या माजी फेडरल अभियोक्त्याच्या नेतृत्वाखाली वकिलांचा एक छोटा गट खात्याच्या अंतर्गत चौकशांवर लक्ष ठेवू लागला. या गटाला कागद दिसत, पण तेही शेरीफशी झालेल्या समझोत्याने. सालाझारच्या खोक्यांचा धागा इथे परत हाती लागतो. २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने ती कागदपत्रे मागितली. शेरीफ बाका यांनी ती थेट न देता आठ खोकी याच कार्यालयाकडे तपासायला पाठवली. फेब्रुवारी २०११ मध्ये कार्यालयाचा अहवाल आला. सालाझार यांना ठरवून लक्ष्य केल्याचा पुरावा त्या कागदांत सापडत नाही, असे त्यात म्हटले होते. पण डेप्युटींनी त्या दिवशी केलेल्या चुकांची यादीही त्यात होती आणि खात्याने इतकी वर्षे बाळगलेल्या गुप्ततेने संशय वाढवला, असा शेराही. त्यानंतर कागद पत्रकारांना आणि अभ्यासकांना पाहायला मिळाले. या अहवालाचे मोल ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आठ खोक्यांत जे होते, त्याची ही तपासणी होती. १९७० मध्ये जे लिहिलेच गेले नाही किंवा दरम्यान नाहीसे झाले, त्याबद्दल कुठलाच अहवाल बोलू शकत नाही.

हा अहवाल आला त्याच वर्षी खात्याच्या तुरुंगांत नोंदीचा एक वेगळाच प्रकार घडत होता. तो आपल्याला पुढच्या फौजदारी खटल्यांच्या कागदांतून कळतो. शपथेवरच्या साक्षी, उलटतपासणी आणि ज्यूरीचा निकाल यांतून गेलेला असल्याने हा या लेखातला सर्वांत भक्कम पुरावा. ऑगस्ट २०११ मध्ये पुरुष केंद्रीय तुरुंगात एका कैद्याजवळ मोबाइल सापडला. तो एफबीआयचा खबऱ्या असल्याचे खात्याच्या लक्षात आले. तुरुंगातल्या मारहाणीचा तपास एफबीआय करत होते. मग त्या कैद्याला हलवण्यात आले. संगणकात तो सुटल्याची नोंद झाली आणि खोट्या नावांनी त्याला पुन्हा दाखल करून घेण्यात आले. फेडरल ग्रँड ज्यूरीपुढे त्याला हजर करण्याचा हुकूम असताना हे चालले होते. सप्टेंबरात दोन सार्जंट तपास करणाऱ्या एफबीआय अधिकारी महिलेच्या घराबाहेर जाऊन तिला अटकेची धमकी देऊन आले.

एरवी पोकळी म्हणजे हरवलेला किंवा बंद ठेवलेला कागद. इथे कागद हजर आहे आणि तो खोटा आहे. काउंटीच्या देखरेखदारांपैकी कोणी त्या महिन्यात तुरुंगाची नोंद मागवली असती, तर त्यांना सरळ, व्यवस्थित उत्तर मिळाले असते : कैदी सुटला. ही नोंद उघडी पाडली ती शेरीफच्या परवानगीवर न चालणाऱ्या यंत्रणेने. २०१४ मध्ये खात्यातल्या सात जणांना तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी पॉल तनाका एप्रिल २०१६ मध्ये दोषी ठरले, त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. बाका यांच्यावरचा पहिला खटला ज्यूरीचे एकमत न झाल्याने फसला. दुसऱ्या वेळी, मार्च २०१७ मध्ये, ते दोषी ठरले आणि मे महिन्यात त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी पद आधीच, जानेवारी २०१४ मध्ये, सोडले होते.

ऑक्टोबर २०११ मध्ये मंडळाने तुरुंगातील हिंसाचारावर सात जणांचा नागरिक आयोग नेमला. निवृत्त फेडरल न्यायाधीश लुर्डेस बेर्ड त्याच्या अध्यक्ष. २८ सप्टेंबर २०१२ च्या अहवालात साठाहून अधिक शिफारशी आहेत. डेप्युटींनी अनेक वर्षे अवाजवी बळ वापरले आणि वरिष्ठांनी ते चालू दिले, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. आपल्या शोधासाठी त्यातले दुसरे निरीक्षण अधिक कामाचे आहे. देखरेखीची कार्यालये एकापेक्षा अधिक होती, त्यांनी इशारे दिले होते, आणि ते खात्याने बाजूला ठेवले होते. आयोगाने ही तुकड्यातुकड्यांची व्यवस्था मोडून एक महानिरीक्षक नेमावा असे सुचवले. २०१३ च्या अखेरीस मॅक्स हंट्समन यांची त्या पदावर निवड झाली. २०१४ मध्ये बॉब आणि जेनाको यांची कार्यालये बंद झाली.

कायमस्वरूपी नागरी आयोगाचा प्रश्न मात्र मतदानात अडकला. ऑगस्ट २०१४ मध्ये मंडळाने तो प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. ९ डिसेंबर २०१४ रोजी तोच विचार तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. या चार महिन्यांत कोणता नवा पुरावा आला होता? शोधायला गेल्यास उत्तर साधे निघते. १ डिसेंबरला हिल्डा सोलिस आणि शीला क्यूएल या दोन नव्या सदस्यांनी पद घेतले होते. पुरावा तोच राहिला, तो वाचणारे बदलले. नऊ सदस्यांच्या या आयोगाची पहिली बैठक जानेवारी २०१७ मध्ये झाली. तेव्हाही त्याला समन्सचा अधिकार नव्हता.

तो अधिकार मिळण्याआधी नव्या शेरीफशी संघर्ष उभा राहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये अलेक्स व्हिलानुएव्हा निवडून आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खात्याने जाहीर केले, की खात्याचे गोपनीय कागद मिळवल्याबद्दल महानिरीक्षक हंट्समन यांचीच फौजदारी चौकशी सुरू आहे. देखरेख करणाराच तपासाचा विषय झाला. १९७७ सालची भर इथे आठवते : शेरीफच्या तपासकार्यात मंडळाने अडथळा आणू नये. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या हाती तपास असेल तर ती तरतूद काय करू शकते, याचा हा नमुना.

३ मार्च २०२० रोजी काउंटीच्या मतदारांनी 'मेझर आर' सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर केले आणि आयोगाला समन्सचा अधिकार दिला. त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने 'एबी ११८५' हे विधेयक मंजूर केले. १ जानेवारी २०२१ पासून कॅलिफोर्नियातल्या कोणत्याही काउंटीला समन्सचा अधिकार असलेले देखरेख मंडळ किंवा महानिरीक्षक नेमता येऊ लागला. मे २०२० मध्ये आयोगाने तुरुंगांतल्या कोविडच्या स्थितीबाबत शेरीफना समन्स काढले. ते गेले नाहीत, प्रकरण न्यायालयात पोचले. अधिकार मिळाल्याची तारीख आणि तो चालू लागल्याची तारीख या वेगळ्या नोंदवाव्या लागतात. पुढे डेप्युटींच्या टोळक्यांबद्दलच्या चौकशीत व्हिलानुएव्हा यांनी आयोगापुढे शपथेवर साक्ष दिली, ती जानेवारी २०२४ मध्ये. तोवर ते शेरीफ राहिले नव्हते.

आता लिनवुडच्या त्या सावध जागेकडे जाऊ. २०२१ मध्ये रँड या संशोधन संस्थेने काउंटीसाठी केलेल्या पाहणीत खात्यातल्या १,६०८ जणांनी नाव न देता उत्तरे दिली. त्यांतल्या सोळा टक्क्यांनी आपल्याला एखाद्या गुप्त गटात यायचे आमंत्रण मिळाल्याचे सांगितले. हा आकडा जपून वापरला पाहिजे. खात्याच्या मोठ्या भागाने उत्तरच दिले नाही. न देणाऱ्यांत घाबरलेले किती आणि ज्यांच्या अनुभवात असे काही आलेच नाही ते किती, हे सांगता येत नाही. मार्च २०२३ मध्ये आयोगाच्या विशेष वकिलांचा अहवाल आला. त्यात अशा टोळक्यांचे अस्तित्व संशयापलीकडचे मानून त्यांवर बंदी घालण्याची शिफारस आहे. त्याच्यामागे समन्सने बोलावलेले साक्षीदार आणि जाहीर सुनावण्या आहेत, पण काही साक्षी नाव न सांगता दिलेल्या आहेत. तेवढ्यापुरते त्यांचे वजन कमी धरावे लागते.

१९९२ आणि २०२३ चे हे दोन अहवाल शेजारी ठेवले तर दोन तर्क सुचतात. कोल्ट्स यांच्या काळात गट लहान होते आणि नंतर वाढले, हा एक. गट तेव्हाही होतेच, पण कोल्ट्स यांना शपथेवर कोणाला बोलावता येत नव्हते, म्हणून त्यांचा निष्कर्ष सावध राहिला, हा दुसरा. मला दुसरा अधिक संभाव्य वाटतो, कारण दोघांनी वर्णन केलेले तपशील सारखे आहेत : ठाण्याला धरून गट, गोंदणे, आत घेण्याच्या चालीरीती. निर्णायक पुरावा मात्र यालाही नाही. तीस वर्षांपूर्वीचे बळाच्या वापराचे कागद आज पूर्ण उपलब्ध असते, तर कदाचित निकाल लागला असता. १९७८ च्या कायद्याने बांधलेली पाच वर्षांची मुदत तोवर अनेकदा उलटून गेली होती. २०१९ पासून 'एसबी १४२१' या कायद्याने गोळीबार, गंभीर इजा आणि खोटेपणाच्या नोंदी लोकांसाठी खुल्या केल्या. पण कायदा शिल्लक असलेले कागदच उघडू शकतो.

शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२२ चा. 'मेझर ए'ने पर्यवेक्षक मंडळाला चार पंचमांश मतांनी, कारण दाखवून, शेरीफला पदावरून दूर करण्याचा अधिकार दिला. पाच जणांच्या मंडळात म्हणजे चौघांनी एक व्हायला हवे. ही कल्पना नवी नव्हती. सॅन बर्नार्डिनो काउंटीने २००२ मध्ये तशी तरतूद सनदेत घातली होती आणि अपील न्यायालयाने २००५ मध्ये ती वैध ठरवली होती. इथेही वाट आधीच तयार होती आणि लॉस एंजेलिस तिच्यावर उशिरा आले. त्याच निवडणुकीत व्हिलानुएव्हा पराभूत झाले, रॉबर्ट लूना शेरीफ झाले. त्यामुळे हा नवा अधिकार वापरण्याची वेळच लगेच आली नाही.

सगळे कागद क्रमाने लावल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती सुरुवातीच्या अनुमानापेक्षा थोडी वेगळी आहे. कायद्याने मंडळाची नजर मुख्यतः तिजोरीकडे वळवली होती, हे बरोबर. पण १९७० मध्ये कॉरोनरची चौकशी, १९९१-९२ मध्ये दाव्यांचे कागद, २०१० मध्ये एका वृत्तपत्राचा अर्ज, २०११ मध्ये फेडरल ग्रँड ज्यूरी, या प्रत्येक प्रसंगात पहिला निर्णायक कागद मंडळाच्या देखरेखीच्या अधिकारातून निघालेला नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी दारातून आला, आणि मग मंडळाने त्यावर आयोग, सल्लागार, महानिरीक्षक नेमले. देखरेख बहुतेक वेळा पुराव्याच्या मागे चालली, पुढे नव्हे. २०२० नंतर पहिल्यांदा असा एक काउंटीचा घटक उभा आहे, जो शेरीफच्या मर्जीशिवाय कागद मागू शकतो. तो चालतो की नाही, हे पाहण्यासाठी यापुढे प्रत्येक समन्सच्या दोन तारखा नोंदवून ठेवाव्यात : कागद मागितल्याची आणि कागद हाती पडल्याची. सालाझारच्या खोक्यांबाबत कागद लिहिले गेल्यापासून ते बाहेर दिसेपर्यंत चाळीस वर्षे गेली. नव्या समन्सच्या दोन तारखांमधले अंतर त्याच्या तुलनेत किती, यावरून २५३०३ व्या कलमातला 'देखरेख' हा शब्द प्रत्यक्षात किती जागा व्यापतो, ते मोजता येईल.